दाराचा शंख

आमच्या घरात एकूण सदतीस शंख होते. साबण ठेवायला तीन, टाचण्यांना दोन, पडदे उडू नयेत म्हणून खाली बांधलेले सहा, कपाटावर धूळ खात पंचवीस, आणि बेडरूमचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवलेला एक, तान्ह्या बाळाएवढा.

बाबा जहाजाचं इंजिन सांभाळतात. घरी येताना शंख आणतात. ते परत गेले की शंख तेवढे राहतात.

मी प्राणिशास्त्राची ताजी पदवीधर! त्या रविवारी जाहीर केलं, "अकराला बाबांचा फोन यायच्या आत सदतीसच्या सदतीस शंखांचं वर्गीकरण! यादीच वाचून दाखवते त्यांना!"

"कर, पण कामावरचे हलवू नकोस," आई म्हणाली.

विज्ञान असं अडून राहतं होय? मी दाराच्या शंखासकट सगळ्यांना हॉलमधल्या टेबलावर हजर केलं.

बाबांचा फोन पंधरा दिवसांतून एकदा येतो. आज ते घरी कधी येणार, ती तारीख कळणार होती. आईने सकाळपासून दोनदा केस विंचरले होते. फोनवर ते दिसत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. एरवी फोन हातात आला की तिचं "जेवलात का? बरं, ठेवते," एवढ्यातच आटोपतं. माझ्याकडे नोंद आहे : सरासरी दोन मिनिटं, चाळीस सेकंद. तो उचलायलाही तिला उशीर होतो, म्हणून मी फोन आपोआप, स्पीकरवर उचलला जाईल अशी सोय केली होती. आणि तो बेडरूमच्या खिडकीत होता, कारण घरात रेंज फक्त तिथेच!

ओठ बाहेर पसरलेले, म्हणजे खरे शंख, एका रांगेत : बावीस. वीणेच्या तारांसारख्या उभ्या कडा असलेले हार्प दुसऱ्या रांगेत : चौदा. उरला एक. छोटा, निमुळता, ओठच नाही!

"आई! हा कोन जातीचा! विषारी! याच्या दंशाने माणूस मरतो!"

"अगं, आठ वर्षं त्यात टाचण्या ठेवतेय मी."

अकराला दोन मिनिटं कमी असताना वाऱ्याचा झोत आला. धाड! बेडरूमचं दार तोफेसारखं वाजलं. लॅच बसलं. चावी आत, फोन आत.

आवाजाने शेजारच्या काकू धावत आल्या आणि कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला आणायला तशाच पळाल्या. मी दारावर धक्के मारत होते, तेवढ्यात आत फोन वाजला आणि आपोआप उचललाही गेला!

"हॅलो? कुठे आहात सगळे? काय आदळतंय?"

चावीवाल्याला घेऊन आलेल्या काकू दारात थबकल्या. "अगंबाई! भाऊजी कधी आले? आणि आत कोंडून घेतलं?" मी सांगेपर्यंत त्या दाराला भिडल्याही. "भाऊजी, झालं ते झालं! बाहेर या!"

"वहिनी, अजून चार महिने तरी नाही येता येणार!"

"चार महिने आत बसणार?" काकूंनी कपाळावर हात मारला.

"साहेब, निदान जेवायला तरी या," चावीवाला कळवळून म्हणाला.

मी काकूंना खरा प्रकार सांगितला. त्या हसत सुटल्या, आणि मग त्यांचं लक्ष आईकडे गेलं. आई दाराशी जमिनीवर बसली होती, गाल फळीला टेकवून.

"अहो," ती दाराला म्हणाली, "चार महिने?"

"हो गं. बदली माणूस मिळत नाहीये."

मला वाटलं, आता "बरं" येणार. पण ठेवायला तिच्या हातात फोनच नव्हता!

"न्हाणीघराचा नळ पुन्हा गळतोय," ती म्हणाली. मग गुडघ्याचं सांगितलं. मग त्यांच्या बाजूची उशी अजून तिथेच असते, हे सांगितलं. मग माझं गाऱ्हाणं केलं, "तुमच्या लेकीने टाचण्यांचा शंख विषारी ठरवलाय."

"कोन नाही गं तो!" आतून बाबा हसले. "शंखाचंच पिल्लू आहे. वाढ पुरी झाल्याशिवाय ओठ पसरत नाही त्याचा."

मी मुकाट्याने यादीत खाडाखोड केली.

चावीवाला अवजारं काढून पुढे झाला. "दोन मिनिटांचं काम आहे, ताई. उघडू?"

दारावरचा गाल न उचलता आईने त्याला हातानेच थांबवलं. त्याने पिशवी खाली ठेवली. काकूंनी त्याला खुर्ची दिली.

अंतिम नोंद : शंख तेवीस, हार्प चौदा, कोन शून्य. फोन : एकावन्न मिनिटं, आठ सेकंद.