सपाट झरोका आणि चेअरमनचा चेहरा

दोष आण्णांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात वडिलांचा दोष काढायला कुणी तोंडच उघडत नाही. (माझा काढायला पावणंसुद्धा नंबर लावतात.)

कॉलेज सोडून मी बोर्ड रंगवायचा धंदा सुरू केला, तेव्हा गावात डिजिटलचे फलक आले नव्हते. स्टुडिओ म्हणजे माडीवरची पत्र्याची खोली. खिडकी नाही आणि लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. अशात हातकणंगल्याकडच्या एका दूध संस्थेचे चेअरमन उदयसिंह यांच्या वाढदिवसाचा बोर्ड मिळाला, चेहऱ्यासकट. तो जमला तर संस्थेची सगळी कामं माझी. फसला तर मी मामांच्या पिठाच्या गिरणीत बसायचं, असं आण्णांनी परस्पर ठरवून टाकलेलं.

उजेडासाठी पत्र्यात झरोका पाडायचं ठरलं. पत्र्याला उतार नावापुरता, पाणी तुंबणार. म्हणून मला कडा उचललेला फायबरचा घुमट हवा होता. आण्णा एसटीत कंट्रोलर होते. रिटायर झाले, पण हुकूम सोडायची सवय गेली नाही.

"घुमटावर कुरडया कशा घालायच्या? सपाट बसीव," म्हणाले.

आक्कानं, म्हणजे आमच्या आईनं, लगेच मान डोलावली. शेजारच्या गच्चीवरून हात पोचेल तेवढा आमचा पत्रा उन्हाळाभर तिच्याच ताब्यात असतो. सपाट फायबर बसलं. मी आण्णांशी बोलणं बंद केलं. (त्यांच्या ते लक्षात आलं नाही.)

दुसऱ्या दिवशी खोलीत उजेड आला, पण हिरवट. आण्णांनी स्वस्तातलं फायबर आणलं असणार, दुसरं काय! बोलणंच बंद, त्यामुळं विचारायचा प्रश्न नव्हता. मी रंगवायला बसलो. चेअरमन आजारी दिसायला लागले. गालावर जरा तांबडा चढवला, तरी आजार हटेना. आणखी चढवला. संध्याकाळी चेअरमन एकदम ठणठणीत झाले आणि मी स्वतःवर खूश झालो.

सकाळी चेअरमन स्वतःच जीप घेऊन हजर. जिना अरुंद म्हणून आम्ही बोर्ड गॅलरीतून दोरीनं खाली सोडला. उन्हात त्यांचा चेहरा भट्टीतून आत्ताच काढलेल्या विटेसारखा दिसत होता. चेअरमननी बोर्डाभोवती एक फेरी मारली. मग हळू आवाजात म्हणाले, "मला बीपी हाय, हे तुला कुणी सांगितलं?"

तो हिरवट उजेड आठवला आणि मी शेजारच्या गच्चीवर धावलो. फायबरवर आक्काचं जुनं हिरवं लुगडं ताणून अंथरलेलं आणि त्यावर अंतर राखून कुरडया.

"फायबर ऊन धरतंय की," आक्का म्हणाली. "खडखडीत वाळल्या बघ."

खालून आण्णांचा आवाज आला, "म्हटलं न्हवतं, सपाटच बरं?"

बोर्डाचा खर्च अंगावर पडला, संस्थेची कामं गेली. सोमवारपासून मी मामांच्या गिरणीत बसायला लागलो.