गजूभाऊंची कुलपं

गजूभाऊंच्या घरात दोन माणसं एकदम शिरू शकत नाहीत. दार चांगलं रुंद आहे, पण हे तळहात आडवा धरून उभे. "एक जन. याचं निपटू द्या, मंग दुसरा."

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. शेलूबाजार गावात घरी बसून ते दूरच्या कुठल्याशा कंपनीचं काम करतात. कॉम्प्युटरात लाखो नोंदी, अन् त्या चटकन सापडाव्यात म्हणून एक सूची. सूची लावताना कोणी मधेच हात घातला की घोळ होतो, म्हणून कुलूप घालतात. कधी दोन कामं एकेक कुलूप धरून 'आधी तू सोड' म्हणत हटून बसतात. ती सोडवणारे आमचे गजूभाऊ. हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय, की मीही पगार मागायला हरकत नाही.

एकदा त्यांनी स्वयंपाकघरातले डबे नावांप्रमाणे लावायला घेतले. वहिनींच्या हातात तिखट, यांच्या हातात हळद. "आधी तू ठेव." "आधी तुमी द्या." वांग्याची भाजी जळाली, वास माझ्या घरापर्यंत आला.

पण खरं घोडं सामाईक विहिरीवर अडलं होतं. थोरल्या भावाशी भांडण झालं, तेव्हापासून मोटारीच्या पेटीची चावी दादांकडे अन् पाइपाच्या व्हॉलचा पाना यांच्याकडे. एकट्याने पाणी सुटत नाही, अन् आधी कोणी देत नाही. दोघांचाही सांबार, म्हणजे कोथिंबीर, वाफ्यात करपू लागला.

शेवटी मीच चिडलो. "काहो, तुमच्या कॉम्प्युटरात असं झालं तर काय करता?"

"एकाले मारा लागते," गजूभाऊ सहज म्हणाले. "त्याचं कुलूप सुटते, दुसऱ्याचं काम होते. मेलेल्यानं मंग पयल्यापासून सुरू करावं."

"पण मारता कोणाले?"

"ज्याचं काम कमी झालं असन त्याले."

बोलले अन् कोपऱ्यातल्या पान्याकडे बघू लागले. बाप गेल्यावर दादांनी शाळा सोडली, शेती धरली, यांना शिकवलं. हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

"मंग मीच," असं पुटपुटत त्यांनी पाना उचलला.

मी मागोमाग गेलोच, सोडतो काय. गजूभाऊंनी पाना दादांपुढे ठेवला. "दादा, चुकलं माह्यं." दादांनी करदोट्याची चावी सोडून धाकट्याच्या हातात कोंबली अन् डोळे पुसले.

म्हणजे आता पाना दादांकडे, चावी यांच्याकडे. घोळ तोच. परतताना मी तसं म्हणालो.

"राहू द्या," गजूभाऊ म्हणाले. "हा घोळ नाही सुधारत मी. रोज संगं विहिरीवर जा लागन आता दोघायले."