एका घरातले दोन रक्तगट

निवृत्त निरीक्षकांनी स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लावला, पट्टी धरून तो सरळ असल्याची खात्री केली आणि मगच घरच्यांना हाक मारली. यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात छत्तीस वर्षे घालवलेला माणूस. रक्तगटानुसार आहार व व्यायाम सांगणारे पुस्तक हाती पडल्यावर तो ते नुसते वाचून ठेवील, ही अपेक्षाच चूक होती.

"माझा गट ए, तुझा बी," ते पत्नीला म्हणाले. "मला दूध आणि बटाटा वर्ज्य. संध्याकाळी संथ चालायचं, साडेसहाला जेवायचं. तुला दूध-दही चालेल, पण पोहणं आवश्यक. तुझं जेवण सव्वाआठला."

"इतकी वर्षं एका टेबलावर जेवलो, तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं रक्त?"

"तेव्हा माहिती अपुरी होती."

"अहो, पण मला पोहता कुठं येतं?"

"शिक. तक्त्यात आहे."

"बाबा, माझा गट ओ," ओट्याशी उभी असलेली सूनबाई म्हणाली.

"तुझा रकाना अजून तपासणीत आहे."

"सावकाश होऊ द्या. मला मुळीच घाई नाही."

पळ्यांच्या दांड्यांना ए-साठी लाल आणि बी-साठी निळी पट्टी लागली. मंगळवारी निळी पळी लाल पळीच्या भाजीत पडली, तेव्हा निरीक्षकांनी ती भाजी नापास केली. सूनबाईने ती मिटक्या मारत संपवली. जेवणाच्या पाळ्या दोन झाल्याने भांडीही दोनदा पडू लागली. पैकी पहिल्या पाळीची भांडी, घरच्यांच्या एकमुखी ठरावाने, निरीक्षकांकडे आली.

पत्नीने पहिले तीन दिवस तलावाचा काठ सोडला नाही. चौथ्या दिवशी सोडला, आणि मग घरच सोडल्यासारखे झाले. तिला तिथे चार मैत्रिणी मिळाल्या. पोहून झाले की पायऱ्यांवर गप्पा रंगत, आणि सव्वाआठची वेळ त्यांना अगदी बेताची पडे.

निरीक्षक साडेसहाला उकडलेली भाजी एकटेच जेवत आणि एकटेच संथ चालत. पूर्वी या रस्त्याने दोघे जात. ती बोले, ते "हं" म्हणत. आता "हं" म्हणायला समोर कोणी नव्हते. एकदा सवयीने तो हुंकार निघून गेला, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारले, "काय देऊ, काका?"

कारखान्याच्या जुन्या ओळखपत्रावरचा गटच चुकीचा असला तर? या आशेने त्यांनी प्रयोगशाळा गाठली.

"ए," तिथली मुलगी म्हणाली.

"पुन्हा बघा."

"दोनदा बघितलं, काका."

"एखाद्या वेळी बदलतही असेल."

"रक्तगट आहे तो, काका. हवामान नव्हे."

छत्तीस वर्षांत केसभर खोट असलेला नगही त्यांनी पुढे जाऊ दिला नव्हता. त्या संध्याकाळी पत्नी ओल्या केसांनी घरात शिरली, आणि त्यांनी तिच्या नजरेला नजर न देता सांगून टाकले, "अगं, ओळखपत्रावर चूक होती. माझा गट बी निघाला. उद्यापासून मीही पोहायला येतो."

पत्नीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"असं कसं? मीही आजच तपासून आले. माझा ए निघाला! म्हटलं, आता तुमच्याबरोबर जेवता येईल, चालायला येता येईल. त्या तलावावर सगळ्या नुसत्या बोलतात हो, ऐकून घेणारं एक माणूस नाही."

दोघांनीही तक्त्याकडे पाहिले. कोणीही कोणाचा रिपोर्ट मागितला नाही.

"म्हणजे आता बाबा तलावावर आणि आई एकट्या रस्त्यावर," सूनबाई म्हणाली. "असं करू, उद्या दोघंही माझ्याबरोबर चला. माझ्यासमोर तपासणी होऊ दे, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल."

"नको!" दोघे एकदमच ओरडले.

सूनबाईने एकदा सासऱ्यांकडे पाहिले, एकदा सासूबाईंकडे पाहिले, आणि टेबलावर दोन ताटे मांडली.

"बसा. गरम आहे तोवर जेवून घ्या."

निरीक्षकांचे जेवण पावणेदोन तासांपूर्वीच झाले होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि बटाट्याची भाजी स्वतःच्या हाताने वाढून घेतली.