दोन वातींचा नवस

हे नव्व्याण्णव साल होतं की दोन हजार, याची मला खात्री नाही. बायकोला, म्हणजे नीलांबरीला, विचारलं तर ती तिथीसकट सांगेल. पण सोबत त्या वर्षातले माझे बाकीचे पराक्रमही सांगेल, म्हणून विचारत नाही.

निवृत्त होऊन आम्ही औंढ्याला राहायला आलो होतो. जन्मभर जीवरसायनशास्त्र शिकवलं, आणि उपाशीपोटीची साखर निघाली एकशे नव्वद. डॉक्टर पुष्कर माझाच विद्यार्थी. (त्यामुळे त्याच्या ज्ञानाविषयी मला कायम धाकधूक.) तो म्हणाला, "सर, दोन महिने देतो. खाली आली नाही तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू." शेकडो उंदरांना मी सुया टोचल्या आहेत, पण स्वतःला सुई म्हटलं की माझाच उंदीर होतो.

त्याच आठवड्यात एका शोधपत्रिकेत वाचलं, की खाण्यातली जास्तीची चरबी स्नायूंच्या पेशींत जाऊन बसते आणि मग तिथे इन्सुलिनचं फारसं चालत नाही. मी तडक स्वयंपाकघरात गेलो.

"आजपासून तेल बंद."

"काहून? वाढली साखर, आन् बंद तेल?"

"अगं, इन्सुलिन पेशीचं दार ठोठावतं. आत चरबी साठली की दार उघडत नाही. साखर बाहेर रक्तातच."

"आन् फोडणी?"

"तीही बंद. भाजी पाण्यात शिजवायची."

"पाण्यात म्हशी बसतात," ती म्हणाली.

दोन दिवस उकडलेलं खाल्लं. तिसऱ्या दिवशी तिनं तेलाचा डबा उचलून देवघरात ठेवला. "नागनाथाला नवस बोललेय. साखर उतरेपर्यंत सकाळी दहाला आन् संध्याकाळी सहाला तुमी स्वतः दिव्याचं तेल घेऊन चालत जायचं. ऑटोत बसलात तर नवस बाद."

नवसावर माझा विश्वास नाही. (नाही असं म्हणायचा धीरही नाही.) देऊळ घरापासून दीड किलोमीटर. वाटी नीलांबरी भरून देई. वाटीत तेल, तेलात कधी एक वात, कधी दोन. बंडू गुरव वाटीत डोकावून म्हणायचा, "सर, आज अकरा प्रदक्षिणा." कधी म्हणायचा, "आज एकवीस." शंकराची प्रदक्षिणा, म्हणजे पन्हळीपर्यंत जायचं नि आल्या वाटेनं परत. घामाघूम होऊन घरी यावं, तर पानात भाजी अशी की बोटं चाटावीत!

"बघ, तेलावाचून काही अडतं का?" मी म्हणे. ती आणखी भाजी वाढत राही.

दोन महिन्यांनी साखर एकशे अठरा. पुष्करनं रिपोर्ट दोनदा पाहिला, मी चारदा. सुई टळली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण हिंगोलीला ज्येष्ठ नागरिकांपुढे 'थेंबभरही तेल नाही' या विषयावर तासभर बोललो. शेवटी चतुराबाई नावाच्या एका आजींनी विचारलं, "बिनतेलाचं वांगं कसं करता वो?" मी मोठ्या मनानं नीलांबरीला माईकवर बोलावलं. ती नवऱ्याला काहीही सांगेल, पण बायकांना पाककृती चुकीची सांगणार नाही, हे मला सुचायला हवं होतं.

"आधी कढईत चार पळ्या तेल कडकडीत तापू द्यायचं," तिनं सुरुवात केली.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "तू मला फसवलंस."

"तेल देवघरातलंच होतं. साखर उतरली का न्हाई?"

उतरली होती, हीच तर तकलीफ. माझा सिद्धांत खोटा नव्हता. फक्त माझ्यावर त्याचा प्रयोगच झाला नव्हता.

पुढे वाचनात आलं, की स्नायू राबायला लागले की इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणजे रोजचे सहा किलोमीटर आणि त्या प्रदक्षिणा कामी आल्या होत्या. निदान नवस तरी खरा ठरला, असं मी नीलांबरीपुढे कबूल केलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, गहिवरली.

आठ-नऊ वर्षांनी बंडू पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला. मी विचारलं, "बंडू, कधी एक वात, कधी दोन, यामागे शास्त्र काय रे?"

"कसलं शास्त्र, सर! काकूंनी सांगून ठेवलं होतं. एक वात म्हणजे साधी भाजी, अकरा. दोन वाती म्हणजे वांगं. फोडणीचा वास घरातून जायला टाइम लागतो, सरांना एकवीस मारायला लावा म्हणल्या. नवस-बिवस काही नव्हता."

तो गेल्यावर मी त्या काळातली नोंदवही काढून ताडून पाहिलं. बंडूचं बराबर होतं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'दोन वाती असल्या की त्या दिवशी वांगं असतं आणि ते विशेष रुचकर लागतं. कारण : भक्ती असावी.'