टिळेकरकाकांचा फेअर कॅच

शेजारच्या टिळेकरकाकांना कुंपणावरून काहीही द्यायला गेलं, की ते आधी उजवा हात डोक्यावर उंच धरून जोरजोरात हलवायचे आणि ओरडायचे, "फेअर कॅच!" मग आपण वाटी फळीवर ठेवून मागे सरकायचं आणि मगच ते पुढे येणार. मेलबर्नजवळच्या आमच्या टार्निटला लॉकडाऊन लागल्यापासून माझी खिचडी, अळूवड्या आणि एकदा चक्क ड्रिल मशीनसुद्धा त्यांनी याच थाटात स्वीकारलं.

"अहो, ती बिचारी खिचडी देतेय, बॉल नाही!" आतून माधवीकाकू ओरडायच्या.

हे सगळं अमेरिकन फुटबॉलपायी. अख्खं मेलबर्न फूटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल बघतं, आपली माणसं क्रिकेट बघतात. काकांनी हा तिसराच खेळ धरला, आणि त्यातही फक्त स्पेशल टीम्स. म्हणजे लाथ मारायची वेळ आली की जी वेगळी माणसं मैदानात येतात, ती.

"बाकी सगळी ढकलाढकली गं," ते कुंपणापलीकडून शिकवणी घ्यायचे. "आपल्या टीमचं घोडं अडलं, की पंटर येतो आणि लाथेने बॉल लांब उडवतो. समोरचा तो झेलून उलटा पळत सुटतो. सगळे आडदांड त्याच्या अंगावर! पण झेलायच्या आधी त्याने हात हलवला, की तो फेअर कॅच; खबरदार, कोणी शिवायचं नाही. मात्र मग त्यालाही पुढे पळता येत नाही. सिंपल!"

सिंपल कसलं, एरंडाचं गुऱ्हाळ! पण लॉकडाऊनमध्ये दुसरं करमणुकीला होतं काय?

रविवारी सकाळी टीव्हीवर मॅच असायची. काकांची टीम अडकली की पलीकडून टाळ्या ऐकू यायच्या. "काका मॅड झालेत का? स्वतःचीच टीम अडकते आणि हे टाळ्या पिटतात," माझा नवरा म्हणाला. शेवटी मी काकूंनाच विचारलं.

"अगं, तो पंटर म्हणजे आमचा ओंकार," त्या म्हणाल्या.

ओंकार त्यांचा एकुलता एक. इथल्या पार्कात फूटीचा बॉल लाथाडत वाढला आणि त्याच पायावर अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप मिळवून गेला. मग सीमा बंद झाल्या. फोनवर "ऑल गुड, डॅड" याच्यापुढे गाडी जायची नाही. टीमचं छान चाललं तर तो बाकावर; अडलं तरच मैदानात, तेही काही सेकंद, तोंडावर हेल्मेट. काका त्या काही सेकंदांसाठी आठवडा काढत होते. मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारपासून त्या टीमचं वाटोळं व्हावं म्हणून आम्हीही देव पाण्यात घालून बसू लागलो.

सीमा उघडल्या, सीझन संपला आणि ओंकार आला. पण काका म्हणजे नियमाचे पक्के. टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत पोराला गॅरेजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू ओरडल्या, "निगेटिव्ह!" शटर अर्धं वर जातंय तोवर ओंकार वाकून बाहेर आला आणि पळत सुटला.

काका ड्राइव्हवेवर उभे होते. सवयीने उजवा हात डोक्यावर गेला. ओंकार जागीच थबकला. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते.

काकांनी तो हात हलवला नाही. हळूच खाली घेतला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "ये रे, पळत ये."

ओंकारने येऊन अशी धडक मारली, की दोघंही बाजूच्या गवतावर आडवे झाले. "अहो, तुमची कंबर!" करत काकू धावल्या. पण काका उठायलाच तयार नव्हते.