इजा, बिजा आणि शिंपी

मंगळवारी सव्वाअकरा वाजता सुरक्षा विभागाची 'आपली काळजी, आमचे कर्तव्य' ही लोखंडी पाटी निसटून तळमजल्यावरच्या शिंप्याच्या डाव्या खांद्यावर पडली. शिंपी भला माणूस. त्याने पाटी पुसून वर नेऊन दिली आणि कोर्टात जाऊन एवढंच मागितलं, की ती माझ्या दारावर पुन्हा लावू नका. उजवा हात शाबूत होता, पोट त्यावर होतं, तो शाबूत राहावा.

कोर्टाच्या कारकुनाने अर्ज वाचला. "इजा झाली म्हणताय. बिजा?"

"बिजा म्हणजे?"

"अहो, कायद्यात शब्दच 'इजा' आहे. इजा, बिजा, तिजा! पहिल्याच खेपेला न्याय देऊन टाकला, तर उरलेल्या दोघींनी जायचं कुठे?"

शिंप्याला हसू आवरेना, पण हसलं की खांदा दुखे. तोवर कोर्टाने 'जैसे थे'चा आदेश काढला. पाटी त्याच खिळ्यावर, त्याच भोकात लटकवण्यात आली. खिळा ठोकून घट्ट केला तर पुरावा बिघडला असता. घटनेच्या वेळी पाटीखाली शिंपी होता, हीही मूळ परिस्थितीच. सबब रोज सव्वाअकराला त्याने तिथे उभं राहायचं.

नवव्या दिवशी पाटी डाव्या पायावर आली.

"अभिनंदन!" कारकून खुर्चीवरून उठलाच. "बिजा!"

सुनावणीत मात्र सरकारी वकिलांनी शिंप्याचीच टेप मागून घेतली आणि सुजलेला पाय मोजला. "साहेब, पाय दीड इंचाने वाढलाय. वाढीलाच नुकसान म्हणायला लागलो, तर प्रगती कशाला म्हणायचं?" न्यायाधीश विचारात पडले आणि त्यांनी प्रकरण सभागृहाकडे धाडलं.

सभागृहात तीन दिवस नुसता उत्साह. तिजा राहून गेली तर अर्जदारावर घोर अन्याय होईल, म्हणून एका सदस्याने गळा काढला. अखेर मसुदा निघाला: 'इजा म्हणजे इजा, बिजा व तिजा मिळून होणारी इजा. डावी बाजू दोनदा वापरून झाली असल्यास तिजा उजवीकडे घ्यावी.' हरकतींसाठी मुदत तीस दिवस.

शिंपी लंगडत हरकत नोंदवायला गेला.

"तुम्हाला नाही घेता यायची," कारकून हळहळला. "तुमचा यात संबंध आहे ना! ज्याला काही लागलं नाही, अशा माणसाने घ्यायची असते."

मग शिंप्याची बायको कागद घेऊन गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरली. "एक सही करा हो, ह्यांचा उजवा हात जाईल."

"अगदी खरं आहे, वहिनी," सगळे म्हणाले. "तेवढी माझ्या कोटाची बाही त्याआधी लावून द्यायला सांगा."

एकतिसाव्या दिवशी कायदा सर्वानुमते मंजूर झाला.

"सर्व म्हणजे कोण?" शिंप्याचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"ज्यांनी हरकत घेतली नाही, ते सगळे," म्हणत कारकुनाने जाडजूड वही पुढे सरकवली. "अकारविल्हे लावलीय, बघा."

शिंपी उजव्या हाताचं बोट यादीवरून खाली खाली नेऊ लागला. आपलं नाव, वाचकहो, चौथ्या पानावर आहे. तिथे बोट जरा थांबलं. "हे वाचून हसतील," तो म्हणाला, आणि सव्वाअकरा होत आले म्हणून पाटीखाली उभा राहायला गेला.