खरवंडीकरबाईंच्या खात्याला जरा बसायचं होतं

इंदुमती खरवंडीकर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचं संगणकावरचं खातं अजून रोज डबा घेऊन टेंभुरघाट नगरपरिषदेत कामावर येत होतं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खाती येतातच. वावगं एवढंच होतं, की तेवढं एकच खातं काम करत होतं.

हे लक्षात आलं श्रीरंग बोधेच्या. कोणती खाती चालू आहेत आणि कोणती नुसतीच आहेत ते पाहून नुसती असलेली बंद करायला त्याला जिल्ह्याहून पाठवलं होतं. आल्या आल्या त्याने व्हरांड्यातल्या बाकांवरून एक फेरी मारली. समस्त कर्मचाऱ्यांची खाती तिथे बसून होती. कुणी शेंगा सोलत होतं, कुणी पाय हलवत होतं. बांधकाम विभागाचं खातं तर इतकं सुटलं होतं, की त्या बाकावर दुसऱ्या कुणाला टेकायला जागा नव्हती.

"तुम्हाला शेवटचं कधी बोलावलं?" श्रीरंगने पाणीपट्टीच्या घोरपड्यांच्या खात्याला विचारलं.

"बोलावलं? कुणी?" खातं म्हणालं. "मालक समोरून जातात, पण ओळख देत नाहीत. मी एकदा नमस्कार केला, तर म्हणाले, चौकशीची खिडकी पलीकडे आहे."

आत सगळं कार्यालय एका टेबलाभोवती गोळा झालं होतं. टेबलाशी खरवंडीकरबाईंचं खातं, निरोपाच्या दिवशी बाई नेसल्या होत्या त्याच मोरपंखी साडीत. जो येई तो वाकून म्हणे, "सोनचाफा एक दोन तीन," आणि कागद पुढे सरकवी. हा बाईंचा परवलीचा शब्द. एकदा त्या रजेवर असताना काम अडलं, म्हणून त्यांनी तो फोनवर सांगितला होता. आता तो चहावाल्यालाही पाठ होता. शब्द कानावर पडला की खात्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांची घडणच तशी असते. जन्मदाखले, घरपट्टी, मोकाट डुकरांच्या तक्रारी, सगळं त्या एकट्या खात्याच्या गळ्यात.

"घोरपडे, तुमचं खातं बाहेर बसलंय की," श्रीरंग म्हणाला.

"असेल. त्याचा शब्द कोण लक्षात ठेवतंय? आणि बाईंचा हात कसा, बसलेला आहे."

गर्दी जरा पांगल्यावर श्रीरंगने खात्याला हळूच विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मला बसायचंय."

"बसलेल्याच आहात."

"काही न करता," खातं म्हणालं.

श्रीरंगने नियमांचं पुस्तक उघडलं. पण नियम कडक होते. काम न करणारं खातं बंद होतं, आणि बंद झालेलं खातं पाटीवरच्या अक्षरासारखं पुसलं जातं, मागे काही उरत नाही. चालू खात्याला सुट्टी नाही. नियमाने जायचं, तर अख्खी नगरपरिषद पुसून टाकायची आणि घरी गेलेल्या एका बाईंवर गावाचा गाडा हाकायचा. एकच फट होती. मालकाने समक्ष येऊन मागितलं, तर खातं न पुसता त्याच्या ताब्यात देता येत होतं, मात्र पुढे त्याने काहीही काम करायचं नाही.

श्रीरंगचा निरोप मिळाल्याबरोबर इंदुमतीबाई रिक्षा करून आल्या. खात्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अगबाई! काय गं ही दशा?"

"काही नाही. मार्च आहे," खातं म्हणालं.

"हिला मी घरी नेते," बाईंनी जाहीर केलं.

मुख्याधिकारी धावत आले. "बाई, असं करू नका. खातं नेलंत तर उद्या गावात दिवा लागायचा नाही!"

"हिच्या जागी मी बसते."

"पण तुम्ही तर निवृत्त..."

"साहेब, सहा वर्षं मला कुणी काही विचारलेलं नाही. वरणात मीठ किती, हेसुद्धा नाही. सून माझी लाखात एक. आई, तुम्ही आराम करा, म्हणते. मिक्सरला हात लावू देत नाही. आराम करून करून वीट आलाय मला."

श्रीरंगने नियम पुन्हा वाचले. मालकाने खात्याच्या जागी बसू नये, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घोरपडे सवयीने टेबलाशी वाकले. "सोनचाफा एक दोन तीन."

"ऐकलं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मग?"

"मग... तेवढी वसुली चढवायची होती."

"चढवा की. तुमचं खातं बाहेर आहे. हाक मारा त्याला."

"ते मला ओळखत नाही हो."

"मग ओळख करून घ्या. चहा पाजा."

दुपारपर्यंत बाक रिकामे झाले. बांधकामचं खातं दारात अडकलं, त्याला दोघांनी ओढून आत घेतलं.

श्रीरंगचं एकच काम उरलं होतं. ताब्यात दिलेलं खातं खरोखर निष्क्रिय आहे का, याची जागेवर जाऊन पाहणी करायची होती. आठवडाभराने तो बाईंच्या घरी गेला. सून रेवतीने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आई झोपल्यात."

"कोणत्या?"

"घरातल्या. ऑफिसच्या आई संध्याकाळी येतात." ती कौतुकाने पुढे म्हणाली, "या अगदी गुणी आहेत हो. आराम करा म्हटलं की करतात."

खातं खाटेवर पांघरूण घेऊन पडलं होतं. झोपेतही बोटं चादरीवर टकटक करत होती. पावलांची चाहूल लागताच ते धडपडत उठून बसलं.

"काही काम आहे का?"

पाहणीच्या कागदावर खाली खात्याची सही लागत होती, म्हणजे पुन्हा कामच. श्रीरंगने कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"काही नाही," तो म्हणाला. "झोपा तुम्ही."

खात्याने पांघरूण सावरलं. मग आडवं झालं आणि भिंतीकडे तोंड करून निजलं.